उपग्रहाच्या मते वधूचं घर

मर्ज अल-हमाममधल्या हाज अबू सखर यांच्या घराचे अक्षांश-रेखांश मला तोंडपाठ आहेत. माझ्या स्वतःच्या घराचे नाहीत. बायकोची जन्मतारीख विचारलीत तर मला आतल्या खोलीत जाऊन कागदपत्रं काढावी लागतील. पण हाजसाहेबांच्या फाटकापाशी जे लिंबाचं झाड आहे ते पृथ्वीच्या पाठीवर नेमकं कुठे उभं आहे, हे मी झोपेतून उठवलं तरी दशांश चिन्हापुढच्या पाच आकड्यांपर्यंत सांगेन. ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं, त्याच्याविषयी इतकी अचूक माहिती मला कशी, हे सांगताना आजही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. तरी सांगतो. कारण अम्मान शहरातल्या आमच्या जबल हुसेनमध्ये ही हकिगत सांगणारे किमान चाळीस लोक आहेत आणि त्यांतला प्रत्येकजण ती वाढवून सांगतो. वाढवायची काही गरज नाही.

मी एकतीस वर्षं जमीन-मोजणीच्या कचेरीत काढली. या काळात माझ्या हाताखालून काही हजार नकाशे गेले आणि प्रत्येकावर मी शिक्का मारला. नकाशा वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. शिक्का कोणत्या कोपऱ्यात मारायचा एवढं कळलं की काम भागत असे. पण ही गोष्ट कचेरीबाहेर कुणाला ठाऊक नव्हती आणि मी होऊन ती कुणाला सांगितली नाही. गल्लीत माझी ओळख 'नकाशावाले अबू वाएल' अशी होती. ही ओळखच पुढे मला भोवली.

दोन हजार पाच सालची गोष्ट. फोनला तेव्हा रस्ते कळत नव्हते. माझा मुलगा वाएल कुवेतमध्ये नोकरीला आहे. त्यानं मला निवृत्तीची भेट म्हणून दोन वस्तू दिल्या. एक तळहाताएवढा कॉम्प्युटर. त्याच्या अंगात एक काडी खोचलेली असायची; ती काढायची आणि पडद्यावर टोचायची. दुसरी पावडरच्या डबीएवढी एक काळी डबी. ही डबी गाडीच्या पुढच्या काचेशी ठेवायची. ती आकाशातल्या उपग्रहांचं ऐकते आणि काय ऐकलं ते तारेवाचून कॉम्प्युटरला कळवते. मग कॉम्प्युटरमधली एक बाई इंग्रजीत आपल्याला डावीकडे, उजवीकडे सांगत जाते. डबी आणि कॉम्प्युटर यांच्यात दहा पावलांहून जास्त अंतर पडलं की मात्र त्यांचं बोलणं तुटतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

कॉम्प्युटर वाएलनं सुट्टीत येताना खिशातून आणला होता. डबी मागाहून पोस्टानं आली आणि जकातीच्या खिडकीत अडकली. खिडकीतल्या गृहस्थांनी ती कानाला लावून पाहिली.

"ही उपग्रहाशी बोलते?"

"नाही. नुसतं ऐकते."

"काय ऐकते?"

"वेळ. त्या वेळेवरून आपण कुठे आहोत ते कळतं."

"आपण जकातीच्या कचेरीत आहोत," ते म्हणाले. "हे मी तुम्हाला डबीशिवाय सांगितलं असतं."

त्यांनी मला दुसऱ्या कचेरीत पाठवलं, तिनं तिसऱ्या कचेरीत, तिसरीनं परत पहिलीत. शेवटी पाचव्या खेपेला, 'सदर वस्तू फक्त ऐकते, उलट बोलत नाही' असं लेखी दिल्यावर डबी सुटली. कागदावर शिक्का मारताना गृहस्थ म्हणाले, "अशी दोन माणसं आमच्या खात्याला मिळाली तर बघा." शिक्का त्यांनी चुकीच्या कोपऱ्यात मारला.

त्यानंतर महिनाभर मी जिथे पायी जायचो तिथे गाडी काढू लागलो. अम्मानचा नकाशा कुणा हौशी इंजिनिअरनं फावल्या वेळात काढून त्या यंत्रात भरला होता. तो बराचसा बरोबर होता. फक्त आमच्या भाजी मंडईमागे यंत्राला समुद्र दिसे. तसं पाहिलं तर आमच्या गावात कुणी रस्ता नावानं ओळखत नाही. पत्ता विचारला की लोक सांगतात, "पूर्वी फलाफलचं दुकान होतं ना, तिथून वर, मग सुलेमान डॉक्टरांच्या डावीकडे." दुकान बंद होऊन वीस वर्षं झालेली असतात आणि डॉक्टर वारलेले असतात. अशा शहरात पत्त्याचं काम उपग्रहाकडे सोपवणं हा मला सुधारणेचा मार्ग वाटला. आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी अबू जिर्यस यांना तो अपमान वाटला. त्यांनी पस्तीस वर्षं टॅक्सी चालवली होती.

"अबू वाएल," ते म्हणाले, "त्या बाईनं कधी अम्मान पाहिलंय?"

"तिला बघायची गरज नाही."

"मग तुम्हाला तरी कुठे उरलीय?"

घरात उम्म वाएल, म्हणजे वाएलची आई, माझी बायको, हिलाही ती बाई खपत नव्हती. माझ्या शेजारच्या सीटवर बसून ती म्हणायची, "चाळीस वर्षं मी सांगतेय उजवीकडे घ्या, तेव्हा घेतलं नाहीत. ही सांगते की लगेच." त्यामुळे ती गाडीत असली की बाईचा आवाज बंद ठेवायचा, असा तह झाला. हा तहसुद्धा लक्षात ठेवा.

आता मुतसिमकडे येतो. माझा थोरला भाऊ सुब्ही याचा हा एकुलता मुलगा. सुब्ही जाऊन सहा वर्षं झाली. जाण्याआधी त्यानं माझा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "याची जाहा तू ने." जाहा म्हणजे मुलीच्या घरी मागणी घालायला जाणारी वडीलधाऱ्यांची मंडळी. खरं तर घराघरांत सगळं आधीच ठरलेलं असतं. तरी साठ माणसं कोट घालून जातात, पुढारी म्हणून कुणीतरी मातब्बर माणूस आणतात, त्याला कडू कॉफीचा पेला देतात, तो पेला न पिता खाली ठेवतो आणि म्हणतो, आमची मागणी मान्य होईपर्यंत पिणार नाही. मग मुलीकडचे म्हणतात, कॉफी प्या, दिली. नाटक आहे. पण या नाटकात एक वाक्य चुकलं तर घराण्याचं नाक जातं, आणि ते तीन पिढ्या सापडत नाही.

मुलगी मर्ज अल-हमामची, निवृत्त हेडमास्तर अबू लैथ यांची. मुतसिम आणि ती एकाच बँकेत. दोघांनी वाट बघण्यात चार वर्षं घालवली होती. अबू लैथ वक्तशीर, कडक आणि मनात धरून ठेवणारे. शुक्रवारी पाच वाजता, असं त्यांनी कळवलं आणि 'पाच' हा शब्द दोनदा उच्चारला.

मी फव्वाझ पाशांना पुढारी म्हणून तयार केलं. निवृत्त सेनाधिकारी, भारदस्त मिशा, वर्षाला तीसेक जाहा. ते म्हणाले, "रस्ता कोण दाखवणार?"

"मी," मी म्हणालो. "यंत्रानं."

त्यासाठी मुलीच्या घराची जागा यंत्रात नोंदवायला हवी होती. मंगळवारी मी निघालो. उम्म वाएलला त्याच भागातल्या शिंपिणीकडे जायचं होतं, म्हणून ती बरोबर. तहाप्रमाणे बाईचा आवाज बंद. दुसऱ्या चौकातून आत वळून, एका हिरव्या फाटकासमोर मी तिला उतरवलं. शिंपीण त्या गल्लीत आत राहते. उतरताना तिला काचेशी उन्हात तापणारी काळी डबी दिसली. तिला ती तिची पावडरची डबी वाटली, की वितळेल म्हणून उचलली, याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. एवढं खरं की तिनं ती पर्समध्ये टाकली आणि ती गेली.

मुतसिमनं सांगितलेल्या खुणांवरून मी तिसऱ्या चौकापलीकडे अबू लैथांच्या दारी पोहोचलो. मुलीचा भाऊ लैथ बाहेरच उभा होता. तरुण इंजिनिअर. माझ्या हातातलं यंत्र पाहून त्याचे डोळे मोठे झाले. मला अम्मो, म्हणजे काका, म्हणत त्यानं विचारलं,

"अम्मो, यात उपग्रहावरून जागा नोंदवता येते?"

"आता बघ," मी म्हणालो आणि काडी उपसली.

'वधूचं घर' असं नाव टोचून मी नोंद करायला गेलो, तर पडद्यावर चौकट आली. उपग्रहाचा संदेश तुटला आहे. मघाची जागा नोंदवू का? खाली हो आणि नाही. मी काचेशी पाहिलं. डबी नव्हती. लैथ माझ्या खांद्यावरून वाकला होता.

आता मी जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसानं केलं नसतं, आणि कुठल्याही निवृत्त माणसानं केलं असतं. लैथला काही दिसायच्या आत मी 'हो' टोचलं.

"झालं?" तो म्हणाला.

"तीन मीटरचाही फरक पडणार नाही," मी म्हणालो.

नंतर सावकाश दुरुस्त करू, असं मी ठरवलं. बुधवारी कोट इस्त्रीला गेला. गुरुवारी पाशांच्या बंगल्यावरून तीन वेळा फोन आले. शुक्रवारी मला ती चौकट आठवलीसुद्धा नाही. आता विचार करतो तेव्हा वाटतं, आठवली होती. मी तिला दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं.

शुक्रवारी सव्वाचारला बावीस गाड्या आमच्या गल्लीत उभ्या राहिल्या. सर्वांत पुढे माझी. माझ्यामागे पाशांची काळी गाडी. सर्वांत शेवटी मुतसिमची. तिच्यात कुनाफ्याची, म्हणजे गरम गोड चीजमिठाईची, थाळी आणि फुलांची टोपली होती. बायका घरीच. बाईचा आवाज मी पूर्ण वाढवला आणि फोन पाशांच्या मानाखातर मुका करून खिशात टाकला. अबू जिर्यस माझ्या शेजारी येऊन बसले.

"एक अट," मी म्हणालो. "रस्त्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"ख्रिस्ताची शपथ," ते म्हणाले, आणि त्यांनी ओठ मिटले.

बाई छान सांगत होती. पाच मिनिटं मी राजा होतो. मागे आरशात एकवीस गाड्यांची माळ, आणि सगळ्या माझ्या शब्दावर वळणाऱ्या. दुसरा चौक आला तेव्हा बाईनं आत वळायला सांगितलं.

अबू जिर्यस खाकरले. "तुम्ही तिसरा चौक म्हणाला होतात."

"शपथ."

"शपथ आहेच. मी फक्त चौक मोजतोय."

हिरव्या फाटकासमोर बाई म्हणाली की आपण पोहोचलो. मी पाहिलं. अबू लैथांचं फाटक काळं होतं. मग मी मनाला समजावलं: लग्नघर आहे, रंगवलं असेल. फाटकाशी लिंबाचं झाड होतं, चांगलं पुरुषभर उंच, लिंबं धरलेलं. ते मंगळवारी नव्हतं. त्यालाही मी काहीतरी कारण शोधत होतो, तेवढ्यात मागे पाशांच्या गाडीचं दार उघडलं. पाशा एकदा गाडीतून उतरले की त्यांना परत गाडीत घालण्याची सोय आमच्या समाजात नाही.

झाडाला पाणी घालत एक वयस्क गृहस्थ उभे होते. अंगात घरातला लांब झगा, पायात रबरी चपला, हातात नळी. त्यांनी गाड्यांची लांबलचक रांग पाहिली. कोट घातलेली साठ माणसं आपल्याकडे येताना पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. त्यांनी नळी खाली टाकली, ओला हात झग्याला पुसला आणि छातीवर ठेवला.

"अहलन! या, या! घर तुमचंच आहे. एवढा उशीर का केलात?"

हे आमच्याकडे प्रत्येक पाहुण्याला म्हणतात. पण माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे वाट पाहत होते तर! हे अबू लैथांचे भाऊ असतील, फाटक रंगवलं असेल, झाडाचं नंतर बघू.

गृहस्थ आत गेले आणि कोट चढवून आले. दरम्यान शेजारपाजारच्या घरांतून खुर्च्या निघू लागल्या. प्लॅस्टिकच्या, लाकडी, एक सलूनमधली फिरती. दहा मिनिटांत अंगणात साठ माणसं बसली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. पाहुण्याला कॉफीआधी 'का आलात' असं विचारणारा माणूस आमच्याकडे जन्मायचा आहे.

कॉफी आली. पहिला पेला पाशांना. पाशांनी तो खाली ठेवला. अंगण शांत झालं. मुलीच्या वडिलांचं नाव लिहिलेली चिठ्ठी मी पाशांना द्यायची होती, ती माझ्याच खिशात राहिली होती. पण वर्षाला तीस जाहा करणाऱ्या माणसाचं नावावाचून काही अडत नाही. त्यांनी कुळाचा महिमा सांगितला, यजमानांच्या दातृत्वाचा महिमा सांगितला, जो त्यांना अर्ध्या तासापूर्वी ठाऊकही नव्हता, आणि शेवटी म्हणाले, "आपल्या सुशील कन्येचा हात आमच्या मुतसिमसाठी मागायला आम्ही आलो आहोत. हो म्हणेपर्यंत ही कॉफी आम्हाला वर्ज्य." पुरुषांच्या बैठकीत मुलीचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. आमच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा 'यांची कन्या' एवढंच असतं. नाव घेतलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता.

यजमान पेल्याकडे बघत राहिले. आणि त्या शांततेत माझ्या कोटाच्या खिशातून बाई खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "उपग्रहाचा संदेश तुटला आहे."

डबी गाडीत होती. उतरताना खिशात टाकलेल्या यंत्रासह मी चाळीस पावलं लांब, आणि इतका वेळ डबीला हाका मारून बाईनं आता हात टेकले होते. पण मला ते वाक्य ऐकू आलं तसं मंगळवारची चौकट दार ढकलून आत आली. हिरवं फाटक. शिंपिणीची गल्ली. पर्स. त्याच क्षणी मला हेही उमगलं की दुसऱ्या खिशात फोन केव्हापासून थरथरतो आहे.

"ही कोण?" पाशांनी मान न वळवता विचारलं.

"नातलग नाही," अबू जिर्यस म्हणाले. हे रस्त्याबद्दल नव्हतं, म्हणून शपथ मोडली नाही.

यजमान उठले. "पाशा," ते म्हणाले, "तुम्ही माझ्या दारी आलात, पेला खाली ठेवलात, मागितलंत. कॉफी प्या. मी दिलं."

एकच गजर झाला. पाशांनी पेला उचलला, पाठोपाठ साठ पेले उचलले गेले. यजमानांनी शेवटचा पेला रिकामा होईपर्यंत थांबून मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आता कॉफी पोटात गेली म्हणून विचारतो. मुलगी नक्की कुणाची हवी होती? कारण मला पाच मुलगे आहेत."

साठ माणसं माझ्याकडे वळली. सलूनची खुर्चीसुद्धा वळली.

मी उभा राहिलो. "असं आहे," मी म्हणालो, "उपग्रह कधी कधी... हवामानाचा परिणाम..."

अबू जिर्यस यांनी वर पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता.

"मी सैन्यात होतो," पाशा म्हणाले. "चुकीच्या ठिकाणी एवढं सैन्य उतरवलेलं मी पाहिलं नाही."

फोन काढला. मुतसिमचे चौदा फोन येऊन गेले होते. उलट फोन केला तेव्हा कळलं, त्याची गाडी शेपटाला सिग्नलवर अडकली होती. त्याला घर ठाऊक, म्हणून तो सरळ गेला. साडेपाच होत आले होते. पस्तीस कोटवाल्यांपुढे तो एकटा, मांडीवर कुनाफ्याची थाळी घेऊन बसला होता.

यजमानांनी म्हणजे हाज अबू सखर यांनी (नाव आता कळलं) माझ्या पाठीवर हात ठेवला. "कुणाकडे जायचंय?"

"हेडमास्तर अबू लैथ."

"ओळख नाही. पण घर कळलं. तिसऱ्या चौकापुढे, पूर्वी लोखंडाची वखार होती तिथे. चला, मी येतो. दिलं म्हटलंय मी. आता मिळवून द्यायला नको?"

ते माझ्या शेजारी बसले. अबू जिर्यस मागे गेले. बाई काही सांगू पाहत होती, मी तिला बंद केलं. वाटेत हाजसाहेबांनी डबी हातात घेऊन न्याहाळली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आपल्याला काही कळेनासं झालंय, असं हे यंत्र सांगत नाही का?"

"सांगतं."

"तुम्हाला सांगितलं होतं?"

मला उत्तर द्यायला एक अख्खा चौक लागला. "सांगितलं होतं."

"मग?"

"कुणीतरी बघत होतं."

त्यांनी डबी अलगद जागेवर ठेवली. "हं," एवढंच म्हणाले. मला कुणी थोबाडीत मारली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

अबू लैथांच्या अंगणात कुणी उठून उभं राहिलं नाही. सहाला दहा कमी. मुतसिमच्या चेहऱ्याकडे मला बघवेना; तो हुबेहूब सुब्हीसारखा दिसत होता. पाशांना कॉफी आली, त्यांनी पेला ठेवला, पण तेच भाषण दुसऱ्यांदा करायचा उत्साह त्यांच्यात नव्हता. ते चार वाक्यांत संपलं.

अबू लैथ म्हणाले, "पाशा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण पन्नास मिनिटं! का?"

पाशा खाकरले. वाटेत अपघात झाला होता, असं काहीतरी ते सभ्यपणे म्हणणार होते. तेवढ्यात आमच्याच एका चुलतभावाचं बोलणं कुणाच्या तरी कानावर गेलं असावं, कारण मागून आवाज आला, "दुसऱ्या चौकातल्या एका घरी आधी मागणी घालून आलेत हे! तिथे कॉफीपण झाली!"

अंगणभर कुजबुज पसरली. लैथ उभा राहिला, लालबुंद. "बाबा, अम्मोंनी मंगळवारी माझ्यासमोर इथे, या दारात, जागा नोंदवली. तीन मीटरचा फरक नाही म्हणाले. यंत्र चुकणार नाही. म्हणजे हे मुद्दाम दुसरीकडे गेले. तिथे जमलं नाही म्हणून इकडे आले."

अबू लैथांनी पाशांच्या पेल्याकडे पाहिलं. तो उचलून परत आत न्यायला सांगितला की संपलं. चार वर्षं, दोन घरं, सुब्हीचा शब्द, सगळं त्या पेल्याबरोबर आत जाणार होतं. मुतसिम माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. माझं उत्तर तयार असेल, अशा विश्वासानं. नकाशावाले अम्मो!

मी उठलो. शंभर माणसं. त्यांतली तीस मला कचेरीपासून ओळखणारी.

"यंत्र चुकलं नाही," मी म्हणालो. "मंगळवारी डबी गाडीत नव्हती. ती माझ्या बायकोच्या पर्समध्ये, शिंपिणीकडे होती. यंत्रानं मला तसं विचारलं. मी 'हो' टोचलं. कारण हा मुलगा कौतुकानं बघत होता, आणि मला काही येत नाही हे त्याला दिसू नये, असं मला वाटलं." सुरू झालंच होतं म्हणून पुढचंही निघालं. "नकाशाही मला वाचता येत नाही. एकतीस वर्षं मी फक्त शिक्के मारले. मुतसिमचा यात दोष नाही. तो वेळेवर आला होता."

आमच्या कचेरीतला एक जुना सहकारी खाली मान घालून बूट बघत होता. मी बसलो. बसताना खुर्चीचा अंदाज चुकला, तेही सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा टक् असा आवाज आला. हाज अबू सखर यांनी आपला पेला पाशांच्या पेल्याशेजारी ठेवला होता.

"मीही पिणार नाही," ते म्हणाले.

"आपण कोण?" अबू लैथांनी विचारलं.

"ज्या घरी हे आधी मागणी घालायला गेले, त्या घरचा बाप. हे खरंच आले होते. साठजण. झाडाला पाणी घालत होतो मी." त्यांनी अंगणभर नजर फिरवली. "हेडमास्तर, मला मुलगी नाही, तरी मी दिली. तुम्हाला आहे. तुमची अडचण काय?"

आधी पाशांच्या मिशा हलल्या. मग मागच्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला. मग अबू लैथ हसले. त्यांच्या शाळेतल्या माजी विद्यार्थ्यांनी नंतर सांगितलं की हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. "प्या," ते म्हणाले, "प्या कॉफी. दिली." लग्न पक्कं करणारी कुराणातली फातिहा वाचली गेली, कुनाफा फिरला. तो पार गार झाला होता. एकानंही तक्रार केली नाही. मला मात्र प्रत्येकानं आग्रह करकरून वाढला आणि विचारलं, "तोंड कुठे आहे ते सापडतंय ना?"

घरी आलो तेव्हा बायकोला सगळं आधीच कळलेलं होतं. तिनं पर्स उघडून माझ्यापुढे धरली. "बघा, आणखी काही हवंय का यातलं?" दुसऱ्या दिवशीपासून गल्लीत माझं 'नकाशावाले' हे नाव गेलं. नवीन नाव मी इथे लिहीत नाही.

पुढच्या शुक्रवारी हाजसाहेबांचे आभार मानायला मी एकटाच निघालो, बरोबर कुनाफ्याचा डबा. गल्ली नीट आठवेना. उलटसुलट वळलो, दोनदा तिसऱ्याच चौकात पोहोचलो. शेवटी मान खाली घालून यंत्र काढलं, डबी समोर आहे याची तीनदा खात्री केली आणि 'वधूचं घर' टोचलं. बाईनं मला थेट लिंबाच्या झाडाखाली नेऊन उभं केलं. पाऊल इकडेतिकडे नाही. ते नाव बदलावं असं पुष्कळदा मनात येतं. धीर होत नाही.

हाजसाहेबांनी कॉफी दिली. मी पेला खाली ठेवला.

"हाज, माझी एक मागणी आहे. मला माफ करा."

"प्या," ते म्हणाले. "ते त्याच दिवशी दिलं."

मी प्यायलो. मग त्यांनी स्वतःचा पेला, स्वतःच्याच घरात, माझ्यासमोर खाली ठेवला. असं यजमान करत नाही. मी गडबडलो.

"आता माझी मागणी. पाच मुलगे लग्नाचे आहेत. पाचही जाहांना तुम्ही यायचं. पाचही वेळा." त्यांनी माझ्या खिशाकडे बोट केलं. "पण शेवटच्या गाडीत."

मी मान खाली घातली.

"कॉफी प्या, हाज," मी म्हणालो. "दिलं."